चढाची पंचवीस मिनिटं

पाण्याचा टँकर किती वाजता येणार, हे आमच्या बदलापुरातल्या बेलवलीच्या सोसायटीत देवदत्त फणसळकरला कुणी विचारत नाही. विचारलं, तर टँकर किती वाजता येईल, किती वाजता यायला हवा होता आणि मधल्या फरकाला जबाबदार कोण, हे सगळं ऐकूनच सुटका होते. तोवर टँकर येऊन गेलेला असतो.

देवदत्त हा मुळात माणूस नव्हेच. तो अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका गिअरच्या कारखान्याचा प्लॅनिंग विभाग आहे. अठ्ठावीस वर्षं त्या खुर्चीत काढल्यावर दुसरं काही व्हायला त्याच्यात जागाच उरली नाही. त्याच्या टेबलासमोर भिंतीवर एक मोठा फळा आहे. त्यावर दोन रकाने: प्लॅन आणि अ‍ॅक्चुअल. म्हणजे काम कधी व्हायला हवं आणि खरोखर कधी झालं. अठ्ठावीस वर्षांत हे दोन रकाने एकदाही जुळले नाहीत. कधी ड्रिल तुटलं, कधी वीज गेली, कधी मशीनवरच्या माणसाच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. देवदत्त रोज सकाळी त्या फळ्यासमोर उभा राहून सुस्कारा टाकायचा. कारखान्यात नव्याने लागलेली पोरं त्या सुस्काऱ्यावर घड्याळ लावायची.

या फळ्याची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. मशीन शॉपचा, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम होतं त्या विभागाचा, फोरमन राजेंद्र पगारे. अंबरनाथ पश्चिमेला राहणारा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. देवदत्त त्याला विचारायचा, "राजेंद्र, किती दिवस?" खरे आठ दिवस लागणार असले की राजेंद्र म्हणायचा, "दहा, साहेब." शॉप नेहमी वाढवून सांगतं, हे देवदत्तला माहीत, म्हणून तो वीस टक्के कापायचा आणि फळ्यावर लिहायचा, आठ. साहेब कापणार, हे राजेंद्रला माहीत. म्हणून तर तो दहा सांगायचा. दोघं एकमेकांना मनातल्या मनात खोटारडा म्हणायचे आणि काम साधारण साडेआठ दिवसांत होऊन जायचं. अठ्ठावीस वर्षं असं सुरळीत चाललं होतं.

घरीही तीच रीत. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत मालिनीवहिनींनी मोदक उकडायला बारा मिनिटं लागतात असं अगदी खरं सांगितलं. देवदत्तने साडेनऊव्या मिनिटाला आरती संपवून नैवेद्याचं ताट मागितलं. त्या वर्षी बाप्पाने कच्चे मोदक खाल्ले. पुढच्या वर्षीपासून वहिनी पंधरा सांगायला लागल्या, आणि संसार सुखाचा झाला.

चोपन्नाव्या वर्षी माणसं गुरू करतात, नाहीतर कर्जतकडे प्लॉट बघायला जातात. देवदत्तने ट्रायथलॉन काढली. साताऱ्याकडच्या डोंगरात दरवर्षी ही शर्यत होते. आधी तलावात दोन किलोमीटरला थोडं कमी पोहायचं, मग सायकलवर नव्वद किलोमीटर, त्यात पाच घाट. आणि तरीही जिवंत असाल तर डोंगरातल्याच रस्त्यावर एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं मिळून नऊ तासांत. सुरुवातीपासून सहा तासांच्या आत सायकल परत आली नाही, तर दोरी आडवी धरतात आणि पुढे सोडत नाहीत.

"कशाला हो हे?" वहिनी म्हणाल्या. "सिलेंडर दुसऱ्या मजल्यावर चढवायला माणूस बोलावतो आपण."

"मालिनी, इथे शॉपही मीच आणि प्लॅनिंगही मीच," देवदत्त म्हणाला. "ड्रिल नाही, वीज नाही, कुणाचा मेव्हणा नाही. मला आयुष्यात एकदा तरी ते दोन रकाने जुळलेले बघायचेत."

हे तो इतक्या कळकळीने म्हणाला की वहिनींनी पुढे सिलेंडरचा विषय काढला नाही. म्हणजे त्या दिवशी काढला नाही.

शर्यतीचा तो अंगाला चिकटणारा पोशाख त्याने उल्हासनगरला कॅम्प नंबर दोनमधल्या एका सिंधी टेलरकडून शिवून घेतला. टेलरने माप घेता घेता विचारलं, "साईं, ये अंदर पहनने का है कि बाहर?" "बाहर," देवदत्त म्हणाला. टेलरने त्याच्या पोटाकडे पाहिलं, टेप गळ्यात अडकवला आणि म्हणाला, "सोच लो." पोशाख मात्र उत्तम शिवला. देवदत्त तो घालून गॅलरीत आला की समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी पोथी मिटून आत जात.

पहिल्या वर्षी त्याने सगळा तक्ता एकट्याने केला. म्हणजे आपल्याला किती वेळ लागेल हे स्वतःला विचारलं आणि उत्तरातून वीस टक्के कापले. घाट त्याने असे चढले की बाकीचे लोक बाजूला झाले. नंतर धावताना नवव्या किलोमीटरला तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला आणि त्या दगडाला म्हणाला, "दोन मिनिटं." पाऊण तासाने त्याला गाडीत घालून आणलं.

दुसऱ्या वर्षी त्याने राजेंद्रला बोलावलं. राजेंद्र आला, आणि पहिल्यांदा त्याने देवदत्तच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं.

"साहेब, घड्याळ तुमच्याकडे राहिलं की तुम्ही मुकादम होता आणि पाय होतात मजूर. टायमिंग मी घेणार."

दर रविवारी सकाळी बदलापूर गावातून कोंडेश्वरच्या रस्त्याने देवदत्त सायकलवर आणि मागे राजेंद्र स्कूटरवर, खिशात स्टॉपवॉच आणि एक निळी डायरी. वरच्या वळणावर पोहोचलं की देवदत्त धापा टाकत विचारायचा, "किती?" राजेंद्र सांगायचा, "वीस मिनिटं, साहेब." शर्यतीतल्या चढांचं मोजमाप मागवून राजेंद्रने या वीस मिनिटांच्या हिशोबाने पाचही घाटांची मिनिटं काढून दिली. वर एवढंच म्हणाला, "साहेब, चढावर खर्च केलेले पाय धावताना परत मिळत नाहीत."

देवदत्तने कागद घेतला, राजेंद्रच्या डोळ्यांसमोर पेन काढलं आणि प्रत्येक आकड्यातून वीस टक्के कापले. अठ्ठावीस वर्षांची सवय. हाताला विचारून थोडीच होते? त्या वर्षी तो पंधराव्या किलोमीटरला बसला. दगड वेगळा होता.

त्यानंतर गुडघा सुजला. राजेंद्रची मुलगी मैत्रेयी फिजिओथेरपिस्ट आहे, बदलापुरातच तिचं क्लिनिक आहे. तिने गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरला आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही.

"काका, यात रबर उरलेलं नाही. पुढच्या वर्षीची शर्यत करा, ती शेवटची. त्यानंतर मंडईत चालत गेलात तरी मी पेढे वाटेन."

"अजून दोन वर्षं नाही ताणता येणार?"

"बाबा म्हणालेच होते, काका त्यात घासाघीस करतील," मैत्रेयी म्हणाली. "एक म्हणजे एक."

आता एकच शर्यत उरली. अशा वेळी माणूस शहाणा होतो. इथे दुर्दैवाने दोन माणसं एकाच वेळी शहाणी झाली.

तिसऱ्या वर्षीचा सराव मी जवळून पाहिला, कारण चहाची किटली माझ्याकडे असायची. देवदत्त खरोखर बदलला होता. पोट निम्म्यावर आलं होतं. चढावर उभं राहून पॅडल मारणं त्याने सोडलं होतं. बसून, एका लयीत, जातं फिरवल्यासारखा तो चढायचा. मला तर तो मागच्या वर्षीपेक्षा वेगात वाटायचा. पण वर पोहोचून त्याने "किती?" विचारलं की राजेंद्र डायरीत लिहायचा, डायरी मिटायचा आणि म्हणायचा, "पंचवीस, साहेब."

"मागच्या वर्षी वीस होते ना रे?"

"वय झालं, साहेब."

देवदत्त गुडघ्यावरून हात फिरवत खाली बदलापूरकडे बघत राहिला. दर रविवारी पंचवीस. कधी सव्वीस. एकदा घरी जाताना मला म्हणाला, "आतून तर बरं वाटतं रे. पण शॉपला नेहमीच आतून बरं वाटतं."

राजेंद्रने पाचही चढांची मिनिटं मांडून दिली. एकूण तीन तास वीस मिनिटं. सपाट रस्ता आणि उतार धरून सायकलला चार तास चव्वेचाळीस. सकाळी साडेसहाला पोहायला उडी, सात चाळीसला सायकल, बारा चोवीसला परत. दोरी आडवी होणार साडेबाराला. सहा मिनिटं शिल्लक.

त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे होतो. कागद टेबलावर, देवदत्तच्या हातात पेन. पेन पहिल्या आकड्यावर गेलं, थांबलं, आणि त्याने त्याला टोपण लावलं.

"कापत नाहीस?" मी विचारलं.

"दोनदा कापलं. काय मिळालं? दगड." तो कागदाकडे बघत म्हणाला, "राजेंद्र खरं सांगतोय. मी हळू झालोय, हे मान्यच करायला हवं. सहा तर सहा. या वेळी तो म्हणेल ते."

"मग त्याला सांग की."

"काय सांगू? तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून?" देवदत्तने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याला त्या पोशाखात मंडईत जायला सांगितलं होतं. "प्लॅनिंगचा माणूस शॉपच्या माणसाला असं सांगत नसतो."

तेव्हा मी हसलो. अजून वाटतं, हसण्याऐवजी खाली उतरून राजेंद्रला एक फोन करायला हवा होता.

शर्यतीच्या दिवशी आम्ही चौघं गेलो होतो. देवदत्तने आकड्यांचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून सायकलच्या दांडीवर चिकटवला, आणि राजेंद्रने स्वतःच्या हाताने ते घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. दिवस उजाडता उजाडता देवदत्तने तलावात उडी मारली. वहिनींनी डोळे मिटले. तासाभराने तो पाण्यातून बाहेर आला, केळं खाल्लं, आणि बरोबर सात चाळीसला सायकलवर बसला. घाटात प्रेक्षकांना सोडत नव्हते. आम्हाला सायकली परत येतात त्या मैदानावरच थांबायचं होतं.

राजेंद्र खुशीत होता. इतका, की न विचारता बोलत होता.

"अकरा चव्वेचाळीसला येतील बघा. मिनिटाचा फरक नाही पडणार."

"बारा चोवीस ना?" मी म्हटलं.

राजेंद्र हसला. "ते कागदावर. कागदावर मी चढाला पंचवीस टाकलेत. साहेब त्यातले वीस टक्के कापणार, म्हणजे झाले वीस. खरे वीसच आहेत. गेल्या वर्षी खरे सांगितले तर त्यांनी खऱ्यातूनच कापले. या वर्षी म्हटलं, आपली कारखान्याची रीतच बरी."

हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींना मोदक आठवले असावेत. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"राजेंद्र," मी म्हटलं, "त्याने कापलेले नाहीत."

"कोणी?"

"देवदत्तने. या वर्षी कापलेच नाहीत. तू म्हणशील ते, असं म्हणाला."

राजेंद्र मैदानाच्या टोकाला, जिथून घाटाचा रस्ता येतो तिथपर्यंत धावत गेला. तिथे पांढऱ्या टोपीचा एक स्वयंसेवक उभा होता. "मला आत जाऊ द्या. माझ्या साहेबांना सांगायचंय, जोरात चला." स्वयंसेवकाने हात जोडले. बाहेरच्या माणसाने मदत केली तर स्पर्धक बाद होतो, म्हणाला. राजेंद्रने फोन काढला, आणि साहेबांचा फोन आपल्याच खिशात आहे हे त्याला आठवलं.

अकरा चव्वेचाळीस झाले. बारा झाले. सायकली येत होत्या. तरुण पोरं आली, मिशीला पीळ दिलेले एक रिटायर्ड सुभेदार आले, नातवाचं नाव हेल्मेटवर लिहिलेल्या एक काकू आल्या. प्रत्येक हेल्मेट दिसलं की राजेंद्र पुढे व्हायचा आणि मागे यायचा. मीही कागदाचाच हिशोब करत होतो. बारा चोवीसला आला, तरी सहा मिनिटं हातात होती. देवदत्त कागदाच्या बाहेर जाणारा माणूस नव्हता. पण कागदात पंक्चर धरलेलं नव्हतं.

चौथ्या घाटाच्या उतारावर, हे नंतर कळलं, मागच्या चाकात खिळा गेला. ट्यूब बदलायला चौदा मिनिटं लागली. पुढच्या रस्त्यावर जीव खाऊन त्याने त्यातली चार भरून काढली.

साडेबाराला दोन पोरींनी दोरी आडवी धरली. बारा चौतीसला देवदत्त आला.

तो दमलेला नव्हता, हेच आमच्याने बघवेना. मागच्या दोन्ही वर्षी त्याला पोत्यासारखा उतरवून घेतला होता. या वर्षी तो सायकलवरून टुणकन उतरला, सायकल ढकलत धावत दोरीपर्यंत आला आणि थांबला.

"सॉरी सर," दोरी धरलेली पोरगी म्हणाली. "वेळ संपली."

"अगं, पण मला दम लागलेला नाही. बघ ना." त्याने तिच्यासमोर जागच्या जागी चार उड्या मारल्या. त्या पोशाखात छप्पन वर्षांच्या माणसाच्या त्या उड्या बघून एरवी मी आठवडाभर हसलो असतो. "पाय ताजे आहेत. एकवीस किलोमीटर आरामात जाईन. चार मिनिटं तर झालीत फक्त."

"सर, नियम आहे."

नियम म्हटल्यावर त्याने उड्या थांबवल्या. आयुष्यभर त्यानेच इतरांना ही दोरी दाखवली होती. त्याने वाकून घोट्याला बांधलेला, वेळ मोजणारा पट्टा सोडला आणि तिच्या हातात दिला. तिला "थँक यू" म्हणाला. मग आमच्याकडे वळला, आणि राजेंद्रचा चेहरा पाहून त्यालाच धीर द्यायला लागला.

"अरे, तुझा तक्ता बरोबर होता. पहिले चारही घाट मिनिटावर, एक सेकंद इकडेतिकडे नाही. पंक्चरने घात केला. दोन घाटांवर लोक पुढे जात होते, तरी मी हललो नाही. म्हटलं, राजेंद्रने सांगितलंय."

राजेंद्रने खिशातून निळी डायरी काढली. उघडून त्याच्या हातात दिली. कोंडेश्वरचे सगळे रविवार त्यात होते. वीस. वीस. साडेवीस. वीस. शेवटच्या रविवारी एकोणीस.

देवदत्तने ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. प्लॅनिंगच्या माणसाला आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं हातात असती, तर तीन पंक्चर झाली तरी चाललं असतं.

"एकोणीस?" तो म्हणाला.

"हो साहेब."

"म्हणजे मी सुधारलो होतो."

"खूप सुधारला होतात, साहेब. मला वाटलं, तुम्ही कापाल. तुम्ही नेहमी कापता. मी म्हणालो वय झालं, ते पण… तुम्ही का नाही कापलंत, साहेब?"

देवदत्तने डायरी मिटली, त्याच्या शर्टाच्या खिशात परत ठेवली आणि खिशावर हात थोपटला. "तू दिलेला कागद होता ना," एवढंच म्हणाला. मग तो मैदानाच्या कडेला एका दगडावर जाऊन बसला. या वर्षी त्याला दगडाची काही गरज नव्हती.

सायकल आता गॅलरीत उभी आहे; वहिनी तिच्यावर पायपुसणी वाळत घालतात. मैत्रेयीने तिचा शब्द बदलला नाही, आणि या वेळी कुणी घासाघीसही केली नाही. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. राजेंद्र दर रविवारी येतो. दोघं उल्हास नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन येतात. सवयीने राजेंद्र स्टॉपवॉच लावतो. परत आल्यावर सांगतो, "बेचाळीस मिनिटं, साहेब. खरी." देवदत्त मान हलवतो. किती, हे त्याने विचारलेलं नसतं.

कारखान्यातला फळा अजून आहे. राजेंद्र सांगतो, साहेब आता शॉपने सांगितलेला आकडा तसाच्या तसा लिहितात. शॉपही घाबरून खराच आकडा सांगतं, कारण वाढवून सांगितलं तर तो तसाच फळ्यावर जाईल आणि सगळ्यांना दिसेल. कामं मात्र आता सगळी उशिरा होतात, कारण मागून कुणी रेटत नाही. सकाळचा सुस्कारा बंद झालाय, आणि नवी पोरं चुकीच्या वेळी चहाला जातात.

या गणपतीत मी आरतीला गेलो होतो. मालिनीवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, मोदकांना पंधरा मिनिटं लागतील हं."

"होतील तेव्हा होतील," देवदत्त म्हणाला आणि झांजा घेऊन बसला.

मी नैवेद्याचं ताट आणायला आत गेलो, तर वहिनी गॅसपाशी उभ्या होत्या. बारा मिनिटं कधीच होऊन गेली होती. मोदक जास्त शिजून त्यांच्या कळ्या बसल्या होत्या, आणि झाकण काढायचं सोडून त्या बाहेरच्या खोलीकडे कान देऊन थांबल्या होत्या.

"ताटासाठी एकदा ओरडले असते ना भावजी," त्या म्हणाल्या, "तर बरं वाटलं असतं."